काटा साठावर, ट्रॅक्टर पुढं: जुन्या गाडीनं नांदेड ते लातूर, येळवशीला

सगळ्यात आधी आला तो गाडी घेणारा. ज्यानं त्याला बोलावलं तो आमचा लेक संजू अजून हैदराबादच्या रेल्वेतच होता, आणि हा उदगीरचा माणूस सकाळी सकाळी दारात. लग्नात नवरदेव मिरवायला जुन्या गाड्या भाड्यानं देतो म्हणे. बाजारात म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा आमच्या गाडीवरून हात फिरवून राहिला. मी चहा दिला, पण बस म्हणायला दोनदा विसरले.

आमची गाडी म्हणजे पांढरी अँबेसिडर. अप्पा, म्हणजे आमचे मालक, पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. खात्यानं गाडी लिलावात काढली तेव्हा जी चालवत होते तीच घेतली. शेजारची शांताबाई अजून म्हणते, तुझी सवत दारात उभी असती. असू दे. सवतीनं मला सगळा मराठवाडा दाखवला.

संजू आला आणि हातपाय धुवायच्या आधी विषय काढला. मागल्या खेपेला अप्पांनी त्याला विष्णुपुरीचं धरण दाखवायला नेलं होतं. रस्ताभर मागून हॉर्न. उसाचा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉल्यांनिशी पुढं गेला. आणि अप्पा वेगाच्या काट्याकडं बोट दाखवून सांगत होते, साठनं चाललोय. तेव्हापासून संजूनं मनात धरलं की बाप थकला, पाय भ्यायला लागला, आता गाडी विकलेली बरी. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "माय, तीसनं चालवतेत आणि साठ म्हणतेत. त्यांना आता कळूनच न्हाई राहिलं."

हळूच म्हणजे काय, बाहेर ऐकू गेलंच. अप्पा उठले, गाडीपाशी गेले आणि नुसतेच काच पुसत बसले. मला ते बघवेना.

मग मीच बाहेर जाऊन सांगितलं, आधी आम्ही याच गाडीनं माझ्या भावाकडं येळवशीला जाणार. आलो की बोलू. उदगीरवाला हसला, आलात की फोन करा म्हणाला. संजूनं सोबत आणलेली त्याची लेक रुतू माझ्याजवळ ठेवली. ती कॉलेजात आहे, तिच्याकडं लायसन आहे. तिला बजावून तो हैदराबादला परत गेला, आजोबाला जमलं नाही की तू स्टेरिंग घे. म्हणजे परीक्षाच की.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या लातूरकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. तुम्हाला जायचं असेल तर नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा सरळ रस्ता आहे, रुंद आणि चांगला. पेट्रोल जाऊन-येऊन तीनेक हजाराचं धरा, टोलला वेगळे. आदल्या दिवशी निघत असाल तर एक लक्षात ठेवा, वाटेत माळेगावची जत्रा लागते. खंडोबाला आलेले लोक, घोडे, उंट, पाळण्यांच्या ट्रका. आम्ही तिथं अडकलो आणि मला काही वाईट वाटलं नाही. एका घोड्याच्या मालकानं अप्पांना खिडकीतून विचारलं, ही केवढ्याची? अप्पांनी उलट विचारलं, तुमचा केवढ्याचा? दोघंही न सांगता खूश.

पण त्याच्या आधी लोह्याची गंमत. लोह्यात भजी खाल्ली, गरम, मिरची जरा जास्त, आणि पुढं मोकळा रस्ता लागला. काटा चढला साठावर. मागून ट्रकचे हॉर्न सुरू. रुतूनं मोबाइल काढला. त्यात म्हणे गाडीचा खरा वेग दिसतो. ती म्हणाली, "अप्पा, तीस हाय."

अप्पा म्हणाले, "तुझा फोन काल आला. हा काटा गाडीसंगट आलाय."

बघा आता. यांची सगळी नोकरी साहेबांना घेऊन फिरण्यात गेली. साठच्या वर जायचं नाही हा साहेबांचा हुकूम होता, साहेब गेले तरी हुकूम आहेच. काटा साठ म्हणाला की यांचा पाय आपोआप वर येतो. माणूस भित्रा नाही, काट्याच्या शब्दात आहे. हे मला तिथं लोह्याच्या पुढं कळलं आणि माझा जीव निम्मा भांड्यात पडला. निम्माच. कारण काटा खोटा आहे हे यांना पटवायचं कोणी?

रुतू म्हणाली, खालून चाकाकडून एक तार येते ती खराब असेल. अहमदपूरला गॅरेजवर थांबलो तर गॅरेजवालाही तेच म्हणाला, केबल गेली मावशी, लातूरला बघा, इथं या गाडीचं काही मिळत नाही. येळवशीला गावाकडं निघाला होता, शटर अर्धं खालीच होतं. पण मला ते पटेना. मी शाळा फार शिकले नाही, आकडे मात्र वाचते, आणि खिडकीतून किलोमीटरचे दगड मोजायची सवय मला लग्नापासूनची. काट्याच्या खाली किती चाललो ते आकडे फिरतात ना, ते दगडाला दगड बरोबर पडत होते. मी रुतूला दाखवलं. तिनं दोन दगड स्वतः मोजले आणि म्हणाली, आजी, तार खराब असती तर हे आकडेपण चुकले असते. तार चांगली आहे, वरचा काट्याचा डबाच लबाड आहे.

अप्पांनी ऐकलं. पण काटा साठावर गेला की पाय वर आलाच.

मग मी माझा जरीकाठाचा रुमाल काढला आणि त्या डब्यावर टाकला. कडेनं नीट खोचला. म्हटलं, "अहो, आता काट्याला आराम द्या. गाडी कशी चाललीय ते तुमच्या कानाला विचारा."

असं यांच्याशी मी कधी बोलले नव्हते. अप्पांनी रस्त्याकडं बघितलं, गियर टाकला, आणि गाडी अशी निघाली की माझा अंबाडा सीटला टेकला. इंजिनाचा आवाज बदलला, आधी कुरकुर होती, आता एकसारखा. रुतू मोबाइल बघून सांगत होती. चाळीस. पन्नास. अठ्ठावन्न. साठ म्हणायच्या आत अप्पांनी स्वतःच पाय सैल केला आणि विचारलं, "साठ झालं का?" रुतू म्हणाली, झालं. नुसत्या कानानं ओळखलं बघा. शिरूर ताजबंदच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर दिसला. अप्पांनी आरसा बघितला, हॉर्न दिला, बाजूनं काढली, परत आपल्या पट्ट्यात आणली. रुतू बघतच राहिली.

लातूरला दुकान गाठायचं ठरवलं होतं, पण भावानं फोनवर सांगितलं, तिकडं जाऊ नका, आज दुपारपासून अख्खं लातूर कुलुपात. म्हणून चाकूरलाच भावाच्या गावाकडं वळलो. दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले. सगळ्या शेंगाभाज्यांची बज्जी, ताकातली आंबील, ज्वारीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. बज्जीत हिरवी तूर सढळ हातानं पाहिजे, आमची वहिनी कंजूषपणा करते, पण यंदा बरी होती. अनोळखी माणूस बांधावरून गेला तरी हाक मारून जेवायला बसवतात, तेव्हा तुम्ही बिनधास्त जा. डबा नेऊ नका, लोक रागावतात.

तिसऱ्या दिवशी लातूर. गंजगोलाईच्या मागच्या अंगाला एका मीटरवाल्याकडं गेलो. हसतमुख माणूस, सगळे त्याला चाचा म्हणत होते. त्यानं डबा सोडवला, कागदावर उपडा धरला, आणि त्यातून तेल गळायला लागलं. थेंब थेंब, काळं, थांबेचना. चाचा म्हणाला, "काका, हे घड्याळ हाय का समई हाय? तेल कोण घालतं?"

अप्पा म्हणाले, "मीच. दर खंडेनवमीला."

आता खंडेनवमीला आपण अवजारं पुजतो, तेलपाणी करतो. विळा, कुदळ, माझं शिवणयंत्रसुद्धा. अप्पा गाडीचा सांधा न् सांधा तेलानं पुजायचे, त्या तारेचं तोंड उघडून त्यातही भक्तीनं ओतायचे. चाचानं समजावलं, तार आत गरागरा फिरते, फिरता फिरता तेल वर चढवते. डब्यात काट्याची वाटी मोकळी फिरायला पाहिजे, ती चिकट तेलात अडकून जास्तच ओढली जाते. म्हणून तीसला साठ. आकड्यांचं काम दातेरी चाकांवर चालतं, म्हणून ते बरोबर. त्यानं सगळं धुतलं, वाळवलं, तार पुसून खालच्या टोकाला नखभर ग्रीस लावलं. अप्पांना दम दिला, आता हिला नुसतं फूल वाहायचं.

अप्पा एवढे हसले की डोळे पुसायला लागले. रुतू म्हणते हसूनच पाणी आलं. मी चाचाचे पैसे दिले.

येताना मोबाइल आणि काटा बहिणी-बहिणीसारखे बरोबर चालले.

आम्ही घरी आल्यावर संजू हैदराबादहून परत आला, मागोमाग उदगीरवाला. अप्पांनी दोघांना गाडीत घातलं आणि विष्णुपुरीला निघाले. मी पुढं, ते दोघं मागं. उदगीरवाला म्हणाला, इंजिन लई गोड. संजूनं खिडकीची काच वर केली. धरणाच्या वळणाच्या आधी तो पुढं वाकला, हातानं सीट धरून म्हणाला, "अप्पा, जरा हळू."

अप्पांनी काट्याकडं बघितलंसुद्धा नाही. "साठ हाय रे," म्हणाले.

तिथं चहा पिताना संजूनंच उदगीरवाल्याला सांगितलं, गाडी द्यायची नाही, तुम्हाला उगीच फेरा पडला. तो काही रागावला नाही. म्हणाला, गाडी नका देऊ, पण माझ्या पुतणीच्या लग्नात ही गाडी आणि हेच ड्रायव्हर पाहिजेत. अप्पा म्हणाले, विचार करतो. आठवडाभर करतायत, दाढी मात्र रोज व्हायला लागली आहे.

या प्रवासातून माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल, तर वहिनीच्या हातची बज्जी महिनाभर पुरेल एवढी जिभेवर आहे, आणि रोज सकाळी अप्पा गाडी चालू करतात तो आवाज. आधी पण करायचे, पण चोरून केल्यासारखं.

संजू रेल्वेत बसताना म्हणाला, आम्हाला तुळजापूरला घेऊन चला, अप्पांनीच चालवायची. पाडव्याच्या आदल्या दिवशी येतो म्हणालेत, सगळेच.