फेटे बांधून घालवलेली गुप्तता

सांगलीला जायची वेळ आली ती माझ्याच तोंडामुळे. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेची, म्हणजे विद्यार्थ्यांनी वकील होऊन लढवायच्या लुटुपुटुच्या खटल्यांची, राष्ट्रीय फेरी दर वेळी दिल्ली-बंगळुरूलाच का, असं मी स्पर्धेच्या बैठकीत बोलले आणि संयोजन माझ्याच गळ्यात पडलं. मी साताऱ्यात कायदा शिकवते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजने सभागृह देऊ केलं, मग माघार घ्यायची सोयच उरली नाही.

उसाच्या हंगामात जाणार असाल तर ऐका. पेठ नाक्यापर्यंत हायवे, तिथवर खुशाल गाणी लावा. पुढे उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक, मनात येईल तिथे थांबणाऱ्या. एसटीनेच जा, निदान शिव्या ड्रायव्हर देतो. आष्ट्याचा चहा मात्र फक्कड होता. विश्रामबागेत स्वच्छ, परवडणारे लॉज मिळतात आणि भडंग कुठलंही घ्या, चांगलंच निघतं. एवढं कौतुक पुरे.

या स्पर्धेत एक नियम जिवापाड पाळावा लागतो. कुठला संघ कुठल्या कॉलेजचा, हे परीक्षकांना कळता कामा नये. संघांना फक्त क्रमांक. कळलं तर फेरी रद्द, आणि जिंकणाऱ्या मुलांचं परदेशातल्या अंतिम फेरीला जाणंही संपलं. कॉलेजचे अध्यक्ष आप्पा यांना मी हे दोनदा बजावलं होतं. दोन्ही वेळा ते "व्हय, व्हय" म्हणाले.

उद्घाटनाच्या वेळी मी वरच्या मजल्यावर खुर्च्या लावून घेत होते. खालून माईकवर आप्पांचा आवाज आला, "गुवाहाटीहून आलेल्या या आपल्या लेकी..." मी जिना कसा उतरले, आठवत नाही. स्टेजवर मुंबईहून आलेले सगळे परीक्षक फेटे बांधून बसलेले आणि त्यांच्यासमोर आप्पा एकेका संघाचं गाव, कॉलेज, नाव पुकारून शाल देत होते!

"आप्पा, हे काय केलंत?"

"आवं मॅडम, स्पर्धा कुठं सुरू झालीया अजून? पाव्हणं एवढ्या लांबनं आल्यात, त्यांचं नाव बी घ्यायचं न्हाई व्हय?"

मी ओरडले. माईक चालू होता. गुवाहाटीची एक मुलगी शाल सावरत रडायलाच लागली. "मॅम, हम बाहर हो गए क्या?"

तेव्हा कुठे आप्पांचा चेहरा उतरला. "आता वं?"

"समारंभाला नसलेले परीक्षक हवेत. आजच."

त्यांनी फोन काढला. कुपवाडच्या एका वकीलबाईंना जेवत्या ताटावरून उठवलं, बाकीच्यांना कुठकुठून गोळा केलं. मी त्यांना वर्गात कोंडून खटल्याची टिपणं वाचायला लावली. मुंबईचे परीक्षक फेट्यासकट रुसले. त्यांना आप्पा जेवायला घेऊन गेले. फेऱ्या दुपारी सुरू झाल्या. ती रडणारी मुलगी उपांत्य फेरीत हरली, पण काय बोलली!

घरी येऊन मी झालेला सगळा प्रकार परदेशी संयोजकांना कळवला आणि त्यांच्या उत्तराची वाट बघत नुसती चिडचिड करत राहिले. पाठ धरलेली, घसा बसलेला, आणि आप्पांवरचा राग तसाच. शेवटी मेल आली. फेरी मान्य.

आप्पांना फोन केला.

"म्हंजी पोरं जाणार?"

"जाणार."

"लय भारी! मग जायच्या आधी सत्कार कवा ठिवू?"

मी फोन ठेवून दिला. घरभर फेऱ्या मारल्या. मग परत लावला आणि म्हटलं, "ठेवा. पण आप्पा, हरलेल्यांचीही नावं घ्या."