धाब्यावरून मारलेली हाक

आमच्या जळगावच्या घरी एक नेम होता. सिनेमा पाहून आलेल्या सुनेने दुसऱ्या दिवशी तो सासूबाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा. त्यांना हिंदी कळत नसे, अंधारात तीन तास बसवतही नसे. पण गोष्ट पुरी हवी, आणि कोण काय नेसलं होतं तेही हवं. हे काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं, कारण मी बोलघेवडी. मोठ्या जाऊबाई चार वाक्यांत सिनेमा उरकून मोकळ्या व्हायच्या.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं, स्वातंत्र्याला सात-आठ. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी पाहिला तो सिनेमा घरी सांगण्यासारखा नव्हताच. लाकडाच्या ठेकेदाराची बायको पुलाच्या कामावर आलेल्या ओव्हरसियरवर जीव टाकते, अशी गोष्ट. बायकांच्या विभागात एरवी पोरांची रडारड आणि शेंगांची टरफलं. त्या दिवशी सगळ्या चिडीचूप. शेवटी बाईला नदीत बुडवली. त्या काळी सिनेमात अशा बाईला जिवंत ठेवत नसत. मला तर तिचा रागच आला. जाऊबाई पदराचं टोक दातांत धरून बसल्या होत्या, दिवे लागले तरी उठेनात.

आमच्या पुढच्या खोलीत एक घड्याळजी भाड्याने राहत. धुळ्याचे, बायको वारलेली, बोलणं कमी. त्यांचं आणि त्या ओव्हरसियरचं नाव एकच होतं. ते मी इथे लिहीत नाही. थोरले दीर धुळ्यालाच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. महिन्यातून एकदा यायचे, जेवायचे, झोपायचे, जायचे. आधी जाऊबाई घड्याळजींचं नाव अगदी सहज घ्यायच्या. दिवाळीनंतर ते त्यांच्या तोंडून येईनासं झालं. 'बाहेरच्यांना सांग', 'त्यांना विचार', एवढंच. दोघांत काय होतं? माझ्या मते हातात हात घेण्याइतकंही नसावं. पण आमच्यात परक्या पुरुषाचं नाव बाई टाळत नाही, टाळते ती नवऱ्याचं. हे सगळ्या घरात एकट्या माझ्या लक्षात आलं होतं आणि, खरं सांगते, मला त्याची गंमत वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, वाळवणाच्या बिबड्या घालत होतो. ज्वारीचं शिजवलेलं गरम पीठ, हाताला चटके, सूर्य अजून कोवळा. शेजारच्या काकूही मदतीला आल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "चाल व माय, सिनेमानी बठ्ठी गोष्ट सांग." मी म्हटलं, "आज जाऊबाईंना सांगू द्या. त्यांनी जास्त मन लावून पाहिलाय."

ही माझ्या आगाऊपणाची शिक्षा मी त्यांना दिली. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जाऊबाई सांगू लागल्या. आणि काय सांगत होत्या! ठेकेदाराचं नाव घेतलं, त्याच्या म्हाताऱ्या नोकराचं घेतलं. पण ओव्हरसियर आला की 'ते'. ते आले, ते पुलावर उभे राहिले, ते तिच्याकडे बघून हसले. सासूबाईंचा हात पिठावर थांबला.

"त्यानं नाव काय शे?"

जाऊबाईंनी मान खाली घातली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पीठ लागलेल्या हातानेच. नवऱ्याचं नाव विचारल्यावर बाई करते तसंच, विचार न करता. मी घाईघाईने तोंडाला येईल ते दुसरंच एक नाव ठोकून दिलं.

शेजारच्या काकू हसल्या. "काहीतरीच! मीही पाहिलाय की गं तो." आणि त्यांनी खरं नाव सांगून टाकलं. बिचारीच्या मनात काही नव्हतं.

सासूबाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग जाऊबाईंकडे. खालून छोट्या हातोडीची टकटक येत होती. माहेरी पाठवून देतील, दिरांना तार करतील, निदान ओरडतील तरी, असं मला वाटलं. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही.

"पानी सरनं. खाले त्याले हाक मार, बादली वर मांग."

"मी आणते," म्हणून मी उठले.

"तू बस. ती मारी हाक. नाव लिसन." म्हणजे नाव घेऊन. वर त्या म्हणाल्या, "आनि भाऊ म्हन."

जाऊबाई उठल्या. धाब्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. गल्लीतून गाडी चालली होती, ती जाईपर्यंत थांबल्या. मला वाटलं, ही आता खाली उडी घेते. मग त्यांनी हाक मारली. त्याचं नाव, सबंध, स्वच्छ, आणि त्याला लागून 'भाऊ'. "भाऊ, पाण्याची बादली वर द्या."

टकटक थांबली. मग शिडी करकरली आणि घड्याळजींचं डोकं कडेच्या वर आलं. घड्याळं दुरुस्त करताना लावायचं काळं भिंग काढायचं विसरले होते, एका डोळ्याला ते तसंच. त्यांनी बादली धाब्यावर ठेवली.

"घ्या, अक्का," म्हणाले.

त्याआधी त्यांनी जाऊबाईंना कधी कुठल्याच नात्याने हाक मारली नव्हती.

ते उतरून गेले. सासूबाईंनी पाण्यात हात बुडवला, नवीन बिबडी थापायला घेतली आणि म्हणाल्या, "हं. मंग फुढे काय व्हयनं?"

आणि जाऊबाईंनी उरलेला सिनेमा सांगितला. एकही प्रसंग न गाळता. आता त्या ओव्हरसियरचं नाव घेत होत्या, दर वाक्याला घेत होत्या. बाई नदीत शिरते तिथे काकूंनी डोळे पुसले. जाऊबाईंच्या आवाजात कंपही नव्हता. मला रडू फुटत होतं आणि रडायची सोय नव्हती.

आठवड्याच्या आत घड्याळजींनी खोली सोडली आणि ते धुळ्याला परत गेले. सासूबाईंनी त्यांना वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. दिरांपर्यंत काही पोचलं नाही. घर वाचलं, असंच म्हणायला हवं.

ते गेले त्या संध्याकाळी आम्ही दोघी धाब्यावर वाळलेल्या बिबड्या गोळा करत होतो. मी धीर करून म्हटलं, "जाऊबाई, चुकलं माझं. पण गेलेत तरी धुळ्यालाच ना. तुमचं माहेरही तिकडचंच. दिसतील कधी."

त्यांनी हातातली बिबडी टोपलीत ठेवली. एरवी माझ्याशी त्या शहरी बोलायच्या, तेव्हा नाही बोलल्या.

"दिसतीन," त्या म्हणाल्या. "पन त्यासनं नाव लिधं ना मी. आते त्या मना कोनी नही."