आधी इंजिनिअरांचं

बँकेचं काम उरकून मुलीचा विसरलेला डबा द्यायला मी तिच्या इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेशी गेले, तेव्हा ती जोडणी पूर्ण करून हात वर धरून उभी होती. सरांनी तारा तपासल्याशिवाय कुणी वीज चालू करायची नाही, असा तिथला नियम आहे, आणि तो योग्यच आहे.

ती इंजिनिअरिंगच्या जोडीने बीएही करते. अकराला समोरच्या इमारतीत तिची मराठीची तोंडी परीक्षा होती, हे सरांना माहीत होतं. तरी तिच्यानंतर हात वर केलेल्यांच्या तारा तपासत ते म्हणाले, "थांबा कवयित्रीबाई, आधी इंजिनिअरांचं बघू द्या." पोरं हसली.

खिडकीशी उभ्या उभ्या माझा संताप झाला. एका माणसाला दोन गोष्टी आवडल्या, तर इतरांना काय टोचतं? घर, नोकरी आणि सासूबाईंची औषधं मी एकाच दिवसात बसवते, तेव्हा सगळे कौतुक करतात. मनाला दोन ओढी असल्या, की तेच लोक त्याला चंचलपणा म्हणतात.

"सर," ती मोठ्याने म्हणाली, "चुकलं असेल तर ओरडा. पण बघा तरी."

सरांनी पाहिलं. चूक सापडेना. त्यांनी वीज चालू केली आणि मीटरचा काटा हलला. आकडे टिपून ती समोर धावली, मागोमाग मीही.

मराठीच्या बाई दारातच होत्या. "तुझं नाव पुकारून झालं, इंजिनिअरबाई," त्या म्हणाल्या. "भाषेला काय, उरलेला वेळ दिला की झालं, नाही का?"