खाटेखालची बिअर

आई गेल्यावर बाबा कांदिवलीची खोली बंद करून माझ्याकडे मुलुंडला राहायला आले. दिवसभर खिडकीशी बसायचे. विचारलं तर उत्तर द्यायचे, तेवढंच.

मी तेव्हा घरी बिअर करायला शिकत होते. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं, पंधरा दिवसांनी चिमूटभर साखर घालून बाटल्या भरायच्या. यीस्ट ती साखर खातं आणि बिअरला फेस चढतो. त्याला वेळ द्यावा लागतो; मला धीर नव्हता. बाटल्या भरल्यावर आठव्याच दिवशी मी एक उघडली. बाबांनी भुवया उंचावल्या, पण ग्लास पुढे केला.

एक घोट घेऊन म्हणाले, "कच्ची आसा गो."

खरंच होती. हिरव्या सफरचंदासारखा उग्र वास, फेस नावालाच. मी सगळ्या बाटल्या मोरीत ओतायला निघाले, तर ते उठले. "घाई कित्याक करतंस? रवांदेत." बाटल्या त्यांनी स्वतःच खाटेखाली नेऊन ठेवल्या, वर ओलं गोणपाट टाकलं.

मग दर रविवारी दुपारी एक बाटली, दोघांत. तिसऱ्या आठवड्यात सफरचंदाचा वास गेला. पाचव्यात कडूपणा टोचेनासा झाला. मागच्या रविवारची चव माझ्यापेक्षा त्यांनाच नीट आठवायची. सातव्या आठवड्यात बिअर स्वच्छ सोनेरी निघाली. भाजलेल्या पावाच्या कडेची चव, मागून किंचित मध.

बाबांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला.

"तुझ्या आवशीक आवडली असती."

"आईला? आई प्यायची?"

"नुसता फेस. गिरणीला सुट्टी असली नि तू शाळेत गेलीस, की मी बाटली आणायचो. ती चमच्यानं माझ्या ग्लासातला फेस खायची. कडू आहे म्हणायची, नि परत मागायची."

दारूच्या वासानं नाकाला पदर लावणारी आई मला ठाऊक होती. ही नव्हती. बाबा हसत होते, हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांचा हात धरून बसले.

खाटेखाली न मावलेल्या दोन बाटल्या मी माळ्यावर ठेवल्या होत्या, त्या तशाच राहून गेल्या. मे महिन्यात काढल्या, तर उकाड्यानं पार वाट लागलेली. चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. बाबांनी तोंड वाकडं केलं. "नुसतं ठेवून मुरत नाय. गारव्यात ठेवूक व्हया."

"बाबा, पुढच्या वेळी काळी बिअर करू? पण ती मुरायला सहा महिने लागतील."

"कर मगे," ते म्हणाले. "मी आसंय."

डिसेंबरात ती उघडली. कॉफीचा, करपलेल्या गुळाचा स्वाद, आणि कुठेही धार नाही. बाबांनी डोळे मिटून घोट घेतला आणि आईची आणखी एक खोडी सांगायला सुरुवात केली. मसाला लावलेले बांगडे ओट्यावर तसेच राहिले. त्या दिवशी आम्ही चार वाजता जेवलो.