सुमनचं उच्च गणित

सुमन भांडायला उतरायच्या आधी पायातल्या चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवायची. मारामारीत चप्पल तुटते आणि तुटलेल्या चपलेबद्दल घरी वेगळा मार बसतो, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे तिने चपला काढल्या की वर्गातली मुलं दप्तरं उचलून बाजूला होत. आठवीत मागच्या बाकावरच्या एका मुलाने माझ्या वेणीत गोखरूचे काटे गुंतवले. मी रडत रडत ते सोडवत होते. सुमनने चपला काढल्या, शांतपणे मागे गेली आणि त्याचं डोकं बाकावर आपटलं. त्याच्या नाकातून रक्त आलं. सरांनी तिच्या हातावर छड्या ओढल्या. ती परत येऊन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आता नाही टाकत थो, शीला."

तोवर आमची धड ओळखही नव्हती. आमचं गाव शेलूबाजारहून मंगरूळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. मी बौद्धपुऱ्यातली. माझे बाबा शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. वर्गातल्या बाकीच्या मुली माझ्या बाकावर बसायचं टाळत. सुमन गावातल्या शेतकऱ्याची पोर, पण त्या दिवसापासून ती माझ्याच बाकावर बसू लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, "इथं जागा हाय."

तिचे वडील तुळशीरामकाका फार बोलत नसत. बैल अडला तर बैलाला, ताट उशिरा आलं तर बायकोला, आणि दोन्ही नसलं तर पोरींना, हातात असेल त्या वस्तूने ते मारत. सुमनच्या आईचे पुढचे दात पितळेच्या तांब्याने गेले होते. हसताना ती पदर तोंडावर धरायची. सुमन मला हे सगळं पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगायची. "काल तांब्या होता, आज लाटणं हाय." धाकटी उषा तेव्हा अगदी लहान होती. मार सुरू झाला की सुमन तिला आधी धान्याच्या कोठीखाली सारायची आणि मगच स्वतःच्या डोक्यावर हात घ्यायची.

आठवी संपताना इंगळे सरांनी विषय ठरवायला सांगितलं. नववीला सामान्य गणित किंवा उच्च गणित. मुली सगळ्या सामान्य गणित आणि गृहविज्ञान घेत. उच्च गणिताच्या वर्गात फक्त मुलं असत आणि त्याचा जादा तास शाळा सुटल्यावर होई. मी घाबरले होते. बाबा म्हणाले, "तूच ठरव. पण एकदा घेतलं की मधात सोडायचं नाही." मी सुमनला विचारलं, तर तिचं ठरून गेलेलं होतं.

"कायले घेतं वं एवढं अवघड?" मी म्हटलं.

ती भूमितीचं पुस्तक उघडून बसली. एका बाजूला विधान, दुसऱ्या बाजूला कारण. तिने कारणांच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"घरी काहून म्हणून इचारलं का थापड बसते," ती म्हणाली. "इथं काहून लिहाच लागते. नाही लिहिलं तं सर गुण कापतात. मले हे लय आवडते."

तिच्यामुळे मीही उच्च गणित घेतलं.

जून महिन्यात वर्ग सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात पानठेल्यावर कोणीतरी तुळशीरामकाकांना सांगितलं, की तुझी पोरगी शाळा सुटल्यावर पोट्ट्यांमध्ये बसून राह्यली. त्या रविवारी दुपारी सुमन आमच्या घरी धावत आली. डाव्या कानातून निघालेलं रक्त गळ्यापर्यंत ओघळलं होतं. पाठीवर तुतारीचे, म्हणजे बैल हाकायच्या टोकदार काठीचे, वळ होते, आणि तुतारीचं टोक जिथे रुतलं तिथे झंपर फाटला होता. आईने तिला आत ओढलं. बाबा घरी नव्हते. आई परत दारात येऊन विळ्याने भाजी चिरत बसली, पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.

तुळशीरामकाका तुतारी घेऊनच आले. आमच्या दारात ते त्याआधी कधी आलेले नव्हते.

"पोट्टी बाहेर काढ," ते म्हणाले.

"नाही काढत," आई म्हणाली. "कानातून रक्त जाऊन राह्यलं तिच्या."

"माही पोट्टी हाय. मारीन नाही तं कापीन. तुमचं काय जाते?"

त्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवला. आई उठून आडवी आली. त्यांनी तुतारी तिच्या खांद्यावर हाणली, आणि आईच्या हातातला विळा फिरला. त्यांच्या दंडावर लांब चीर पडली. क्षणभर दोघंही त्या रक्ताकडे बघत राहिले. मग ते ओरडत गावाकडे पळाले.

पुढचं आम्हाला कळत होतं. बौद्धपुऱ्यातल्या बाईने शेतकऱ्यावर विळा चालवला, एवढंच गावात पोचणार होतं. आमच्या पुऱ्यातल्या बायकांनी लेकरं घरात घेतली, माणसांनी कुऱ्हाडी काढल्या. ऊन उतरायच्या आत तुळशीरामकाकांना पुढे घालून गावाकडून काठ्या घेतलेला घोळका आला आणि पुऱ्याच्या तोंडाशी, विहिरीजवळ थांबला. पहिला दगड आमच्या छपराच्या कवेलूंवर पडला. दुसरा शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांच्या कपाळाला लागला. मी आईचं लुगडं धरून उभी होते. सुमन माझ्या मागून उठली आणि कोणी अडवायच्या आत बाहेर गेली.

ती विहिरीजवळ जाऊन उभी राहिली. दगड थांबले. तिने घोळक्याकडे पाठ केली आणि फाटका झंपर सगळ्यांना दिसू दिला.

"हे माह्या बापानं केलं," ती म्हणाली. "शीलाच्या मायनं मले वाचवलं. थिले बापानं आधी हाणलं. ज्याले दगड मारायचा हाय त्यानं मले मारा."

एक म्हातारा पाटील काठी टेकत पुढे आला, त्याने तिची पाठ पाहिली आणि तुळशीरामकाकांना म्हणाला, "घरी चाल तुळशीराम. शोभा नको करू." काठ्या खाली आल्या. सुमन बापासमोर गेली. "मारायचं असन तं अजून मार. उद्या मी त्या वर्गात बसन." त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते दंड दाबत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात बसली. तिचा डावा कान कायमचा गेला होता. सर बोलत तेव्हा ती मान वळवून उजवा कान पुढे करी, आणि एखादं वाक्य निसटलं तर भर वर्गात "पुन्हा सांगा" म्हणे. आईचा खांदा पुढे थंडीत दुखायचा. ती म्हणायची, "त्या पोट्टीचं गणित माह्या खांद्यात हाय."

सुमन मॅट्रिक झाली, अकोल्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाली आणि मानोऱ्याला शिक्षिका म्हणून लागली. तुळशीरामकाका आता पारावर तिचं नाव काढून सांगत. गावात कोणाची पोर शिकायची म्हटलं की म्हणत, "माह्या सुमनवानी उच्च गणित घे म्हणा."

तिला नोकरी लागली त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघी गावी होतो. एका दुपारी आम्ही दोघी बाहेरून तिच्या घरी आलो तेव्हा अंगणात उषा गुडघ्यांवर पडली होती, ओठ फुटला होता, आणि तुळशीरामकाका हातात बैलगाडीची लाकडी उभारी घेऊन तिच्यावर उभे होते. उषा आठवी पास झाली होती.

"इले समजाव," ते सुमनला म्हणाले. "उच्च गणित घेत नाही म्हणते. तू एवढी शिकली, आन हे रांडेची सामान्य घेते."

सुमनने उषाला उठवून बसवलं. "सांग. तुले घ्यायचं हाय?"

उषाने बापाकडे पाहिलं.

"तिकडं पाहू नोको. मले सांग."

"मले नाही आवडत," उषा म्हणाली. "मले नाही घ्यायचं."

सुमनने उषाच्या ओठावरचं रक्त पदराने पुसलं. तिला वाईट वाटलं, ते मला दिसलं. मग ती म्हणाली, "मंग नोको घेऊ."

तुळशीरामकाकांनी उभारी उगारली. सुमनने त्यांचं मनगट पकडलं आणि पिरगाळत गेली. ते खाली बसले, लाकूड हातातून सुटलं, तरी तिने मनगट सोडलं नाही. त्यांच्या तोंडावर वाकून ती म्हणाली, "आता इच्यावर हात उचलला तं हा हात मी मोडीन." तिने आवाज चढवला नव्हता. काकांनी होकारार्थी मान हलवली.

ती जायला निघाली तेव्हा मी तिला बसपर्यंत सोडायला गेले. उषाची पिशवीही तिच्या हातात होती. उषा मागून येत होती.

"तुया कान गेला त्या गणितापायी," मी म्हटलं. "अन् तू इले नोको घेऊ म्हणतं."

सुमनने उजवी बाजू माझ्याकडे केली.

"त्यानं मले गणितासाठी नोतं मारलं शीला," ती म्हणाली. "मी ठरवलं म्हणून मारलं."