रिसेट दाबलंत का?

मोडेम दुरुस्त करणाऱ्याकडे किती किस्से साठतात, हे फक्त त्याच्या आईला माहीत असतं. जेवताना तिलाच ऐकावे लागतात ना!

मी अंबरनाथला एका छोट्या इंटरनेट कंपनीत आहे. आमचं नेट अजून टेलिफोनच्या तारेवरून येतं. माझं शिक्षण आयटीआय, पण कंपनी मला 'इंजिनिअर' म्हणते. शिव्या खाणाऱ्याला काहीतरी पदवी हवीच.

मोडेमच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं. त्यात रिसेटचं बटण. ते दाबलं की युजरनेम, पासवर्ड, सगळं सेटिंग साफ! ते भोक दिसलं की लोकांचे हात का शिवशिवतात, देव जाणे. म्हणून कुठलीही कंप्लेंट आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "रिसेट दाबलंत का?"

आता ऑफिसचा नियम ऐका. दुरुस्त केलेली लाईन आठ दिवसांत पुन्हा बंद पडली की तो 'रिपीट'. महिन्यात तीन रिपीट झाले की इंजिनिअरचा एरिया बदलतात, थेट वांगणीच्या पलीकडे. चूक गिऱ्हाइकाची असेल तर रिपीट धरत नाहीत. पण ते ठरवणार कोण? खुर्चीत बसून ऑफिसातल्या कदम मॅडम! त्या गिऱ्हाइकाला फोन लावतात, आणि गिऱ्हाईक सांगेल ती पूर्वदिशा.

एरवी मी वांगणीला हसत गेलो असतो. पण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, घरात आम्ही दोघंच. दुपारच्या जेवणाला येऊन तिच्या डोळ्यात ड्रॉप्स मी घालतो. वांगणीच्या पलीकडून कसा येणार?

*

पहिला रिपीट शिवमंदिराजवळच्या काकांनी दिला. कारखान्यातून रिटायर झालेले. खंडेनवमीला कंप्लेंट आली म्हणून गेलो, तर मोडेमला झेंडूचा हार, वर ओलं हळदकुंकू, आणि तेच कुंकू ओघळून टेलिफोनची तार खोचतात त्या खाचेत!

"काका, हे काय?"

"यंत्र आहे ना ते? मग पूजा नको? जन्मभर लेथ मशीनला कुंकू लावलं, एकदा बंद पडली नाही!"

अर्धा तास खाच कोरत बसलो. दुसऱ्या दिवशी दसरा. पुन्हा कंप्लेंट! मी पुसलेलं कुंकू काकांनी पुन्हा लावलं होतं, या वेळी जास्त. सणाच्या दिवशी यंत्र कोरडं राहिलेलं त्यांना बघवेना.

कदम मॅडमनी फोन लावला. काका म्हणाले, "मी हातसुद्धा लावला नाही. फक्त पूजा केली."

मॅडमनी स्वतःच्या कॉम्प्युटरला हार घातला होता. त्यांनी शेरा लिहिला, 'ग्राहकाची चूक नाही'. संताप संताप झाला माझा!

*

दुसरा रिपीट उल्हासनगरचा. एका सिंधी शेठजींचं कापडाचं दुकान आहे, वर घर. नेट स्लो वाटलं म्हणून त्यांनी बाजारातून दुसरा राउटर आणून आमच्या मोडेमला जोडला. नेटवर प्रत्येक मोबाईलला स्वतःचा वेगळा पत्ता लागतो. आता दोन्ही यंत्रं घरातल्या मोबाईलना ते पत्ते वाटायला लागली. एकच पत्ता दोघांना! कोणाचंच नेट धड चालेना.

मी दुसऱ्याचं पत्ते वाटणं सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. सगळं सुरळीत झालं.

शेठजींचं तोंड उतरलं. "बंद किया? काउंटरवर दोन माणसं बसवली की गिऱ्हाईक जल्दी सुटतं, भाऊ!"

"शेठजी, दोघं एकच कापड दोन गिऱ्हाइकांना विकतायत."

"हां, वो तो गडबड है," म्हणाले. मला वाटलं पटलं. कसलं पटतंय! चार दिवसांनी त्यांनी सेटिंग पुन्हा चालू केलं. मॅडमच्या फोनवर काय सांगितलं माहितीये? "मॅडम, तुमच्या इंजिनिअरने चालू राउटर बंद केला. मैंने तो ठीक किया!"

लागला दुसरा रिपीट माझ्या नावावर.

*

बदलापूरच्या एका बाईंची तक्रार वेगळीच. "नणंदेचा फोन आला की नेट जातं. ती आहेच तशी!"

नणंद बिचारी निर्दोष होती. बेडरूममधल्या टेलिफोनला फिल्टरच नव्हता. फिल्टर नसला की फोन उचलल्यावर नेट तुटतं. मी बसवून दिला. बाई खूश झाल्या.

नवरा मला सोडायला खालपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "अहो, काढता येईल का तो? नेटसाठी तरी ही फोन लवकर ठेवायची."

*

आणि विठ्ठलवाडीच्या चाळीतले ते गृहस्थ! मी फोनवर विचारलं, "मोडेमचा दिवा लाल आहे की हिरवा?"

ते उठून बघून आले. मग म्हणाले, "मरून."

"मरून दिवा नसतो हो!"

"दिव्याने झोप लागत नाही म्हणून मिसेसने वर टिकली लावलीय. ती मरून आहे."

*

तर महिन्याचे शेवटचे दोन दिवस उरले होते. दोन रिपीट डोक्यावर, आणि मी देवाचं नाव घेत फिरत होतो. घरून आईचा फोन आला, "नेट गेलंय रे. कीर्तन अर्ध्यावर अडकलं."

"संध्याकाळी बघतो," म्हणून मी ठेवला.

तासाभरात मोबाईलवर नवी कंप्लेंट. तिसरा रिपीट! पत्ता वाचला. तो माझ्याच घराचा होता. कनेक्शन वडिलांच्या नावावर, आणि सहाच दिवसांपूर्वी मी तिथली तार रीतसर कंप्लेंट नोंदवून बदलली होती.

धावत घरी गेलो. आई काळा चष्मा लावून सोफ्यावर बसलेली.

"ऑफिसला फोन केलास?"

"तुला सांगितलं की संध्याकाळी येतोस. ऑफिसला सांगितलं तर बघ, लगेच आलास!"

मोडेमचं सेटिंग उघडून बघितलं. युजरनेम नाही, पासवर्ड नाही, सगळं कोरं. शेजारी सेफ्टी पिन.

"आई, रिसेट दाबलंस?"

"दाबलं की. कीर्तन अडकायला लागलं तेव्हाच, मग नेटच गेलं. तू सगळ्यांना तेच विचारतोस ना? जेवलात का, औषध घेतलंत का, तसं. मला वाटलं दाबायचंच असतं."

मी डोक्याला हात लावला. मग एकदम जीव भांड्यात पडला. चूक गिऱ्हाइकाची! रिपीट धरणार नाहीत! सेटिंग भरलं, कीर्तन चालू करून दिलं, ड्रॉप्स घातले. तेवढ्यात कदम मॅडमचा फोन आला. आईने स्पीकर लावला. ती माझी आई आहे, हे मॅडमना कुठलं माहीत?

"आजी, रिसेटचं बटण तुम्ही स्वतः दाबलंत का?"

"हो, मीच दाबलं."

मी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

आईने चष्मा सारखा केला, माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि ठासून म्हणाली, "तुमच्या इंजिनिअरच्याच! रोज जेवताना दहा जणांना फोनवर तेच तर सांगत असतो!"