दूध केंद्रावरचा काटा

पूर्वा नेहमीप्रमाणे दवाखान्यातल्या वजनकाट्यावर पाठमोरी उभी राहिली. मी आकडा टिपला आणि चेहरा शक्य तितका कोरा ठेवला. सलग दुसऱ्या आठवड्यात वजन उतरले होते.

"कमी झालं ना, मॅडम?" तिने विचारले.

मी दचकले. जेवण टाळत राहण्याच्या आजारातून, म्हणजे इटिंग डिसऑर्डरमधून, सावरणाऱ्या रुग्णांना आम्ही आकडा दाखवत नाही. याला ब्लाइंड वेट म्हणतात. आकडा दिसला की माणूस भुकेचे ऐकायचे सोडून आकड्याचे ऐकू लागतो.

"तुला कसं कळलं?"

"आबांनी सकाळीच सांगितलं."

आबा म्हणजे तिचे वडील. वडगाव निंबाळकरला ते दूध संकलन केंद्र चालवतात. रोज सकाळी दूध घालणाऱ्यांची रांग उभी असतानाच ते लेकीला केंद्रावरच्या काट्यावर उभी करत. आकडा रांगेलाही स्पष्ट दिसे. तो वाढला की बायका कौतुकाने म्हणत, "भरलीस गं बाई!" आणि त्या दुपारी पूर्वा अर्धी भाकरी तशीच ठेवून उठे.

यापुढे तीन आठवडे वजन टिकले, तरच डॉक्टर तिला इंदापूरच्या हॉस्टेलवर परतण्याचे पत्र देणार होते. नाहीतर कॉलेजचे शेवटचे वर्ष बुडणार होते.

"आबांशी तुम्हीच बोला," डॉक्टर मला म्हणाले. "माझ्यासमोर ते नुसती मान डोलावतात."

पदवी घेतल्यावर तब्बल वीस वर्षांनी मी आहारतज्ज्ञ म्हणून कामाला लागले, आणि वडीलधाऱ्यांना काही सुनावायची वेळ आली की अजूनही माझा आवाज खोल जातो. पूर्वाची परवानगी घेतली, मुद्दे एका कार्डावर लिहिले आणि बारामतीहून तिच्याबरोबरच निघाले. संध्याकाळचे संकलन सुरू व्हायला अवकाश होता. केंद्रावर आबा एकटेच होते.

"या मॅडम, बसा! काटा बघितला का आमचा? ग्रॅमाचा फरक न्हाय."

कार्ड पर्समध्येच राहिले.

"आबा, काटा अचूक आहे, हीच अडचण आहे," मी कसेबसे म्हणाले. "त्याचा आकडा ऐकला की पूर्वाचं जेवण कमी होतं."

आबांनी लेकीकडे पाहिले. "व्हय गं?"

"व्हय," ती म्हणाली.

ते फडक्याने काटा पुसू लागले. "दवाखान्यात व्हती तवा मी नुसता दारातनं बघायचो, मॅडम. आता आकडा बी बघायचा न्हाय, तर पोरगी सुधारती का न्हाय, मला कळायचं कसं?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"तिच्याबरोबर जेवायला बसा. दोन्ही वेळा. ताटाकडे बघू नका, घास मोजू नका. फक्त गप्पा मारा."

"गप्पा? हिच्याशी? काय बोलू?"

"म्हशींचं बोला की, आबा," पूर्वा म्हणाली. "तुमाला दुसरं येतंय कुठं?"

आबा खो खो हसले. दुसऱ्या दिवशी काट्यावर खडूने लिहिलेली पाटी लागली : 'येथे फक्त दुधाचे वजन होते.' गप्पांची तक्रार मात्र पूर्वानेच पुढच्या भेटीत केली. "मॅडम, मला आता सगळ्या म्हशींच्या आज्या-पणज्या पाठ झाल्यात. जेवण संपतं, पण गोष्ट संपत न्हाय."

पहिल्या आठवड्यात वजन स्थिरावले. दुसऱ्यात किंचित वाढले. तिसऱ्यातही टिकले आणि डॉक्टरांनी पत्रावर सही केली.

दवाखान्यातूनच हॉस्टेलला निघताना पूर्वा गाडीत बसली, तेव्हा आबा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, एकदाच. कानात सांगा. किती?"

"पुरेसं," मी म्हणाले.

"एवढ्या मोघम उत्तरावर मी कुणाचं दूध घेतलं नसतं," आबा म्हणाले, आणि लेकीची बॅग उचलून गाडीत ठेवली.

नव्या रुग्णाच्या फॉर्ममध्ये मी तेव्हापासून एक प्रश्न वाढवला आहे : घरात, दुकानात किंवा गोठ्याजवळ वजनकाटा आहे का, आणि तो कोणाच्या ताब्यात असतो?